गोधडी उलटी धरा: अस्तराच्या नक्षीवरून टाके घालताना

गोधडीची वरची बाजू जोडून झाली, इस्त्री झाली, आतला थर आणला, अस्तरही बेतले. आता टाके कोणत्या नक्षीत घालायचे? गोधडीबद्दल वाचकांचे प्रश्न फिरून फिरून याच जागी अडकतात. सरळ रेघा नकोशा वाटतात, हाताने वेलबुट्टी काढता येत नाही, खडूची खूण अर्ध्या वाटेत पुसली जाते आणि पेनची खूण धुतल्यावरही जात नाही. मग तयार होत आलेली गोधडी महिनोन्महिने कपाटावर पडून राहते.

यावर एक सोपा मार्ग आहे. अस्तराला ठळक छापाचे कापड घ्यायचे, सगळे थर एकत्र टाचायचे, गोधडी उलटी करायची आणि अस्तरावर आयत्या असलेल्या फुलांच्या, पानांच्या, कोयऱ्यांच्या किंवा चौकटींच्या कडेने टाके घालत जायचे. सुलटी केली की तीच आकृती वरच्या बाजूवर टाक्यांनी उमटलेली दिसते. खडू नको, स्टेन्सिल नको, चित्रकलेचा हातही नको.

एक अट मात्र आहे. अस्तर म्हणजे मागे लागणारे, कोणाला न दिसणारे, घरात उरलेले कापड अशी आपल्याकडे समजूत असते. या पद्धतीत अस्तर निवडणे म्हणजेच टाक्यांची नक्षी निवडणे. त्यामुळे ते शेवटी नाही, वरच्या बाजूच्या बरोबरीनेच निवडायला हवे. पुढचे बहुतेक घोळ ही गोष्ट उशिरा लक्षात आल्यामुळेच होतात.

घरातल्या गोधडीत हे आधीपासून आहे

मशीनवर शिवणाऱ्यांना ही युक्ती नवी वाटते, पण हाताच्या गोधडीला ती नवी नाही. धावदोरा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. त्यामुळे सुलट कोणती आणि उलट कोणती, हा भेद जुन्या गोधडीत जवळजवळ नसतोच. खाली जुने लुगडे, वर जुने लुगडे, मध्ये विरलेली धोतरे आणि चादरी. शिवणारी बाई ज्या बाजूच्या रेघा स्पष्ट दिसतील ती बाजू वर घेऊन बसते. लुगड्याचा काठ ही पहिली रेघ. त्याला धरून कडेने फेरे सुरू होतात आणि अनेक गोधड्यांत ते आत आत सरकत मधोमध येऊन संपतात. इरकलीच्या अंगावरची बारीक चौकट तर आयता आलेख कागदच. एक घर सोडून एक टाका घेतला की ओळ वाकडी जाण्याची सोय नाही.

नवी मुंबईत ही परंपरा शोधायला संग्रहालयात जावे लागत नाही. बाजार समितीत काम करणारी माथाडी कुटुंबे कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे भागात राहतात. त्यांतली बरीच सातारा, सांगली, कोल्हापूरकडची, आणि गावाकडची वाकळ त्यांच्याबरोबर इथे आली. दिवाळे, सारसोळे, करावे अशा मूळ गावांतल्या आगरी-कोळी घरांत फुलाफुलांची आणि चौकटींची लुगडी आजही ट्रंकेत निघतात. ही दोन्ही प्रकारची कापडे अस्तर म्हणून उत्तम. घरात असतील तर बाजारात जाण्याआधी ती बाहेर काढून पाहा.

मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्या गोळा करून त्यांच्यावर ‘गोधारीज ऑफ महाराष्ट्र’ हे इंग्रजी पुस्तक केले आहे. नक्षीचा अंदाज घेण्यासाठी ते जरूर पाहावे. बंगालच्या कांथ्यात तर जुन्या साडीच्या काठातलेच रंगीत धागे काढून त्यांनी टाके घालत. कापडाचा तुकडा न् तुकडा कामाला लावण्याची ही वृत्ती अस्तराची नक्षी वापरण्याच्या फार जवळची आहे.

तुमच्या गोधडीला ही पद्धत चालेल का?

वरची बाजू समोर पसरा आणि दोन पावले मागे येऊन पाहा.

ही पद्धत छान जमते, जर

- वरची बाजू लहान लहान तुकड्यांची, भरगच्च रंगांची असेल. अशा कापडावर टाक्यांची रेघ डोळ्यांत भरत नाही, फक्त पोत येतो. हात किंचित हलला तरी झाकून जातो.
- वरची बाजू एकाच सपाट रंगाच्या कापडाची असेल. इथे उलट परिणाम होतो. टाक्यांची फुले हीच सगळी शोभा. पण हात स्थिर हवा.
- बाळाचे दुपटे असेल. आकार लहान, मशीनखाली सहज फिरतो. पहिला प्रयोग दुपट्यावरच करावा, हा आग्रहाचा सल्ला.

ही पद्धत टाळा, जर

- वर कापडाची चित्रे कातरून लावली असतील, भरतकाम असेल किंवा छायाचित्रे छापलेली असतील. तुम्हाला वरची बाजू दिसत नसते. मागच्या पाकळीची रेघ समोर आजीच्या चेहऱ्यावरून गेली तर ती उसवण्यावाचून उपाय नाही.
- वरच्या तुकड्यांची रचना ताऱ्यासारखी किंवा वर्तुळाकार, काटेकोर असेल आणि टाक्यांनी ती उठून दिसावी अशी इच्छा असेल. ते काम समोरूनच होते.
- तुकड्यांच्या जोडांवर चार-पाच शिवणी एकत्र येऊन जाड गाठ झाली असेल. सुई मागून आंधळेपणाने त्या गाठीत शिरली की तुटते.

मधला मार्गही आहे, आणि तो बऱ्याच गोधड्यांना शोभतो. मुख्य चौकोनांच्या कडेची शिवण समोरून घ्या, मग गोधडी उलटी करून आतल्या मोकळ्या जागा अस्तराच्या नक्षीवरून भरा. समोरून घातलेल्या शिवणी मागे दिसतात, त्यामुळे आपण कुठे आहोत ते कळत राहते.

अस्तर निवडताना

सगळ्यात आधी नक्षीचा आकार पाहा. पलंगाच्या गोधडीला तीन ते सहा इंचांची फुले आणि कोयऱ्या बऱ्या पडतात. राजस्थानी छापाची अर्ध्या इंचाची बुट्टी दिसायला कितीही गोड असली तरी प्रत्येक बुट्टीभोवती टाके घातले तर गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. तशी बुट्टी आवडलीच असेल तर बुट्टीभोवती शिवू नका. बुट्ट्यांच्या तिरप्या रांगा धरा, म्हणजे शंकरपाळ्यांची जाळी आपोआप तयार होईल.

दोन टाक्यांच्या रेघांत किती अंतर चालेल हे आतल्या थरावर अवलंबून असते. पिंजलेला सुटा कापूस असेल तर दोन इंचांहून जास्त मोकळी जागा सोडू नका, नाहीतर धुतल्यावर कापूस सरकून गोळा होतो. दाबून तयार केलेली सुती शीट किंवा फायबर शीट तीन-चार इंचांचे अंतर सहन करते. विकत घेताना पुडक्यावर अंतर लिहिलेले असते, ते वाचा. नुसते साड्यांचे थर असतील तर टाके जितके जवळ तितकी गोधडी टिकाऊ. नवी मुंबईच्या दमट हवेला आणि बेताच्या थंडीला तीन-चार सुती साड्यांचे थर किंवा एक पातळ सुती शीट पुरे होते. जाड फायबर शीट पाच-सहा आठवड्यांच्या थंडीसाठी घेऊन उरलेले वर्षभर कपाट अडवण्यात अर्थ नाही.

आता रेघेकडे पाहा. फुलाची कडा ठळक असावी, आणि एका फुलाहून दुसऱ्याकडे जायला देठ किंवा वेल असावी. बोटाने त्या रेघेवरून फिरून बघा. बोट न उचलता दहा-बारा इंच पुढे जाता आले तर मशीनही तशीच जाईल. दर दोन इंचांवर बोट उचलावे लागले तर दर दोन इंचांवर दोरा तोडून गाठ मारावी लागेल. दुकानातच ही परीक्षा घ्या. दुकानदार थोडा वेळ बघत राहील, बघू द्या.

चौकटीच्या कापडात एक मोठी मेख आहे. विणलेली चौकट आणि छापलेली चौकट या वेगळ्या गोष्टी. विणलेल्या चौकटीची रेघ म्हणजे प्रत्यक्ष धागाच, त्यामुळे ती उभ्या-आडव्या विणीबरोबर सरळच असते. छापलेली चौकट पुष्कळदा विणीशी तिरकी बसलेली असते. मागे तिरक्या रेघेवरून शिवले की समोरच्या काटकोनातल्या तुकड्यांवर तो तिरकेपणा लगेच दिसतो. ओळखायची युक्ती सोपी: कापडाची उलट बाजू पाहा. रंग दोन्हीकडे सारखा असेल तर बहुधा विणलेली. मागे फिकट असेल तर छापलेली. छापलेली असेल तर कडेचा एक आडवा धागा ओढून काढा आणि छापाची रेघ त्याला समांतर आहे का ते तपासा.

कोणते कापड टाळावे?

- बेडशीटचे घट्ट विणीचे कापड. पन्हा मोठा, जोड लागत नाही, म्हणून मोह होतो. मशीनवर ते चालते. हाताने शिवणार असाल तर दुसऱ्या दिवशी बोटे सांगतील.
- सिंथेटिक साडी. सुळसुळीत असल्याने थर सरकतात, इस्त्रीने आकसते आणि अंगाखाली घामट होते.
- जरीचा काठ. दोरा घासून तुटतो. काठ उसवून बाजूला ठेवा.
- विरलेली साडी. उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी हलकेच ओढा. ‘चर्र’ झाले तर तिला आतल्या थरात जागा द्या. अस्तरावर तिची नक्षी कितीही सुंदर असली तरी ती टाके धरून ठेवणार नाही.
- सोलापुरी चादर. नक्षी ठसठशीत, पण वीण फार जाड. तिला वेगळी गोधडी लागतच नाही.

नवीन कापड घ्यायचे तर वाशी आणि जुन्या पनवेलच्या बाजारात सुती कापड मिळते. जास्त प्रकार पाहायचे असतील तर हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटात जावे. सीबीडी बेलापूरला सिडकोच्या अर्बन हाटमध्ये वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर हातछापाचे कापड घेऊन येतात, तेही पाहण्यासारखे. हातछापाच्या कापडात ठसा मधूनच किंचित सरकलेला असतो. गोधडीत तो दोष वाटत नाही, उलट टाक्यांना जिवंतपणा येतो.

कापड आणल्यावर आधी धुवा. लाल, काळा, निळा हे रंग हमखास तपासा: ओला पांढरा रुमाल कापडावर दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर लागेनासा होईपर्यंत धुवायचे. मीठ किंवा तुरटीच्या पाण्यावर विसंबून राहू नका. आजच्या रंगांवर त्याचा भरवसा नाही, आणि गोधडीत फिकट कापड असेल तर एका धुण्यात सगळी मेहनत गुलाबी होते.

किती कापड लागेल?

अस्तर वरच्या बाजूपेक्षा चारही बाजूंनी चार-चार इंच मोठे हवे. उदाहरण घेऊ. वरची बाजू 60 × 90 इंच, म्हणजे एका माणसाची गोधडी. अस्तर लागेल 68 × 98 इंच. कापडाचा पन्हा 44 इंच असेल तर 98 इंचांचे दोन तुकडे शेजारी जोडावे लागतील: 196 इंच. पण जोडावर अर्धे फूल इकडे आणि अर्धे तिकडे नीट जुळायला हवे, नाहीतर शिवताना रेघ जोडापाशी येऊन अडेल. त्यासाठी एका फुलापासून पुन्हा तेच फूल येईपर्यंतचे अंतर मोजा आणि तेवढे कापड जास्त घ्या. ते 12 इंच धरले तर एकूण 208 इंच, म्हणजे जवळजवळ 5.3 मीटर. धुतल्यावर सुती कापड तीन ते पाच टक्के आटते, म्हणून पावणेसहा मीटर घेतलेले बरे.

जुनी सहावारी साधारण साडेपाच मीटरची असते आणि ती आटायची तेवढी आधीच आटलेली असते. मधोमध कापून दोन तुकडे शेजारी जोडले की एका माणसाच्या गोधडीचे अस्तर झाले. पदराची नक्षी वेगळी असते, तिथे फूल जुळवायचा प्रयत्न करू नका. पदर एका टोकाला येऊ द्या आणि तिथले टाके पदराच्या नक्षीचे घाला. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते, तिच्यात अस्तर होऊन वर कडेच्या पट्टीलाही कापड उरते.

जोडाची शिवण दोन्हीकडे उघडून इस्त्री करा आणि ती वरच्या बाजूच्या मुख्य शिवणीवर येणार नाही अशी बेताने सरकवून ठेवा.

नक्षी उलटी उमटते

मागे उजवीकडे वळलेली कोयरी समोर डावीकडे वळते. कोयरीला, पानाला, मोराला त्याने काही बिघडत नाही. पण अस्तरावर अक्षरे असतील तर ती समोर उलटी दिसतील. स्वस्तिक उलटे फिरेल. डाव्या सोंडेचा गणपती समोरून उजव्या सोंडेचा होईल, आणि तो फरक आपल्या घरांत लगेच लक्षात येतो. शिवाय अंथरायच्या-पांघरायच्या वस्तूवर, पाय लागतील अशा जागी देवाची आकृती टाक्यांनी काढणे अनेकांना खटकते. असे छाप अस्तराला घेऊच नयेत. आधीच घेतले असतील तर त्या आकृती सोडून आजूबाजूच्या वेलीवरूनच टाके घाला.

नक्षीला वर-खाली असेल, म्हणजे सगळी झाडे एकाच दिशेने उभी असतील, तर थर लावताना झाडांचे शेंडे गोधडीच्या उशाकडे आहेत ना ते पाहून घ्या.

थर लावणे आणि टाचणे

या टप्प्यावर घाई केली की पुढे सगळे बिघडते. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, पंखा बंद करून, मोकळ्या फरशीवर बसावे.

1. अस्तर आणि वरची बाजू दोन्ही चार घड्या करून मध्य काढा. मध्यावर एक-एक रंगीत टाका घाला.
2. अस्तर उलटे, म्हणजे छाप फरशीकडे करून पसरा. कडा चिकटपट्टीने फरशीला लावा. ताणू नका, फक्त सुरकुती राहू देऊ नका.
3. आतला थर ठेवा, हाताने मधून बाहेर सारखा करा.
4. वरची बाजू सुलटी ठेवा. दोन्ही मध्य एकमेकांवर यायला हवेत. एक टाचणी आरपार घालून खात्री करा.
5. मधून बाहेर, चार-चार बोटांच्या अंतरावर लांब कच्चे टाके घाला. सेफ्टी पिना सोप्या पडतात, पण त्या वरच्या बाजूने लावल्या तर उलटे शिवताना मशीनच्या पात्यावर घासत राहतात आणि दिसतही नाहीत. पिनाच वापरायच्या असतील तर गोधडी उलटून त्या एकेक करून अस्तराच्या बाजूला हलवा.
6. वरच्या बाजूच्या कडेपासून पाव इंच आत, चारही बाजूंनी लांब टाक्यांची एक शिवण घाला. हे काम समोरून करायचे.

सहावी पायरी लोक हटकून गाळतात. अस्तर चारही बाजूंनी मोठे असल्याने उलटे केल्यावर वरची बाजू नेमकी कुठे संपते ते दिसत नाही. ही चौकटीची शिवण मागे दिसते आणि ‘इथपर्यंतच’ असे सांगते. ती नसेल तर सुंदर फूल शिवून होते आणि पट्टी लावताना कळते की त्याचा अर्धा भाग कापला जाणार आहे.

मशीनवर शिवताना: खालचा दोरा आता वरचा

गोधडी उलटी असल्याने बॉबिनचा दोरा समोर दिसणार आणि सुईतला दोरा मागे. इथून पुढची सगळी तयारी या एका गोष्टीवर उभी आहे.

समोर जो रंग दिसायला हवा तो बॉबिनमध्ये भरा. सुईत अस्तराच्या रंगाशी मिळणारा दोरा ओवा. मागे हात छापाच्या रेघेवरून थोडा सरकला तरी तो रंगात मिसळून जाईल. दोन्ही दोऱ्यांच्या रंगांत फार विरोध नको. समोर गडद निळे आणि मागे पांढरे असे घेतले तर ताणात जराशी चूक झाली की निळ्या रेघेवर पांढरे ठिपके डोकावतात.

म्हणून ताण आधी जुळवा. उरलेल्या त्याच कापडांचे आणि त्याच आतल्या थराचे वीतभर तुकडे घेऊन नमुना तयार करा, त्यावर वळणे आणि कोपरे दोन्ही शिवून पाहा, मग उलटून समोरची बाजू तपासा. समोर सुईचा दोरा ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा ताण थोडा वाढवा. समोरचा दोरा दोरीसारखा सरळ, ताणलेला पडला असेल तर बॉबिन फार घट्ट आहे. बॉबिनच्या डबीचा छोटा स्क्रू पाव फेरा सैल करा, पण आधी त्याची जागा पेनने खुणावून ठेवा. नंतर ब्लाउज शिवताना तो परत मूळ जागी लागतो.

सुई 14 नंबरची. गोल वळणांसाठी कापड सरकवणारे दाते खाली घ्यायचे आणि उड्या मारणारा, डार्निंगचा पाय लावायचा. दाते खाली जात नसलेली जुनी मशीन असेल तर फुलांच्या भानगडीत पडू नका. चौकट किंवा पट्ट्यांचे अस्तर घ्या आणि सरळ रेघा शिवा. उभ्या पट्ट्यांच्या अस्तरावरून अशी गोधडी फार देखणी होते आणि नवशिक्यालाही जमते.

दोऱ्याचे जाळे नेहमी कापडाच्या खालच्या बाजूला होते. एरवी ते मागे लपते, इथे ते थेट समोर. ते टाळण्यासाठी:

- सुरुवात करताना सुई एकदा खाली-वर करून बॉबिनचा दोरा वर, अस्तराकडे ओढून घ्या. दोन्ही टोके हातात धरून पहिले चार-पाच टाके घाला.
- टोके नंतर गाठ मारून सुईने आतल्या थरात लपवा. जागच्या जागी पुढे-मागे शिवून पक्के करू नका, समोर गुठळी दिसते.
- मोठे फूल सुरू करण्याआधी बॉबिन किती उरला ते बघा. फुलाच्या मध्यात दोरा संपला तर जोड समोर दिसतो.
- दर फूटभर शिवण झाली की गोधडी उचलून समोरची बाजू पाहा. कंटाळा येतो, पण पाच फुले उसवण्यापेक्षा हे बरे.

याच पद्धतीत आणखी एक गंमत साधता येते. सुईच्या नेढ्यातून न जाणारा जाड भरतकामाचा दोरा किंवा पातळ सोनेरी दोरा बॉबिनवर हाताने गुंडाळा, बॉबिनचा स्क्रू बराच सैल करा आणि टाका थोडा लांब ठेवा. समोर हाताने भरल्यासारखी ठसठशीत रेघ येते. समोरून शिवून हे साधणार नाही. शक्य असेल तर यासाठी बॉबिनची वेगळी डबी विकत घ्या.

गडद रंगाच्या वरच्या बाजूखाली पांढरी फायबर शीट असेल तर एक धोका असतो. सुई मागून आत जाताना शीटचे तंतू पुढे ढकलते आणि समोर पांढरी लव दिसू लागते. गडद गोधडीला सुती थर किंवा गडद शीट घ्यावी, आणि सुई बोथट होण्याआधी बदलावी.

हाताने शिवताना

हाताच्या कामात चूक वेगळी होते. तुम्हाला दिसतात ते मागचे टाके. ते सारखे, सुंदर पडत जातात आणि गोधडी उलटल्यावर कळते की समोर टाके इवले इवले आहेत, काही ठिकाणी तर वरच्या कापडात शिरलेच नाहीत. सुई तिरपी घातली की असे होते.

सुई शक्य तितकी उभी घाला. डावा हात गोधडीखाली ठेवा आणि सुईचे टोक बोटाला जाणवल्याशिवाय ती परत वर वळवू नका. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान हवेच. थर जाड असतील तर एका वेळी एकच टाका घ्या. पातळ साड्या असतील तर तीन-चार टाके सुईवर घेऊन एकदम ओढता येतात. एका इंचात चार-पाच टाके पुरेत. फार बारीक टाक्यांचा हट्ट धरला तर समोरचा-मागचा हिशोब बिघडतो.

फुलाची प्रत्येक रेघ शिवायची नसते. बाहेरची कडा, मधला गोल आणि पाकळ्यांमधून दोन-तीन रेघा एवढ्यावर थांबा. छापातल्या बारीक शिरा डोळ्यांना दिसतात म्हणून हात तिकडे ओढला जातो, आणि मग गोधडीच्या एका कोपऱ्यात दाट काम तर दुसरीकडे विरळ असे होऊन कापड आखडते. एका फुलात काय शिवायचे ते पहिल्या फुलावर ठरवा, नमुना म्हणून त्याचा फोटो काढून ठेवा, आणि पुढे तसेच करत जा. सुरुवात नेहमी मधल्या फुलापासून.

बाहेर शिवायला देत असाल तर

वरची बाजू स्वतः जोडायची आणि टाके व्यावसायिक कारागिराकडून घालून घ्यायचे, असे अनेक जण करतात. त्यातले बरेचसे वाद तोंडी बोलण्यामुळे होतात. कापड देण्याआधी कागदावर किंवा निदान मोबाइलवरच्या संदेशात एवढे लिहून घ्या:

- गोधडीचे माप, थर किती आणि कोणते.
- टाके कोणत्या बाजूने, कोणत्या नक्षीवरून. ‘मागच्या फुलांवरून’ एवढे पुरेसे नाही. एका फुलाचा खुणा केलेला फोटो द्या.
- समोर कोणत्या रंगाचा दोरा.
- दर चौरस फुटावर आहे, चौरस इंचावर आहे की एकूण, आणि दोरा, आतला थर, पट्टी त्यात धरली आहे का.
- तारीख. आणि उरलेले कापड परत मिळेल का.

आईची साडी देत असाल तर देण्याआधी ती पूर्ण उलगडून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आधीचे डाग आणि विरलेल्या जागा दाखवून द्या. त्यात तुमचेही भले आणि कारागिराचेही. पूर्ण कामाआधी वीतभर नमुना मागा आणि त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या. हाताच्या गोधडीला दिवसच्या दिवस जातात. मजुरीवर घासाघीस करताना दुकानातल्या तयार रजईचा भाव पुढे करू नका. ते वेगळे काम आहे.

पावती मागणे हा तुमचा हक्क आहे. ठरल्यापेक्षा वेगळे काम झाले, कापड खराब झाले किंवा हरवले, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. आधी लेखी तक्रार कारागिराला किंवा दुकानाला द्या. बहुतेक वेळा उसवून पुन्हा करून देण्यावर तिथेच मिटते. न मिटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्यात तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर आणि पनवेल रायगड जिल्ह्यात, हे अर्ज करण्याआधी ध्यानात घ्या. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो, मोबदल्याची रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो. पावती, संदेश, नमुन्याचा तुकडा आणि साडीचे आधी काढलेले फोटो अर्जासोबत जोडा.